आठवडाभरात लोक काय शोधतात आणि का शोधतात, हे कसे वाचावे

एखाद्या आठवड्यात लोकांनी इंटरनेटवर काय शोधले याच्या याद्या आता सगळीकडे प्रसिद्ध होतात, परंतु लोकांनी तेच का शोधले याचे उत्तर त्या याद्यांखाली क्वचितच दिलेले असते. ते उत्तर कसे काढावे हे येथे सांगितले आहे. जिल्ह्याच्या दैनिकात काम करणारे वार्ताहर, ग्रंथालयांतील आणि ग्रामपंचायतींतील कर्मचारी, शिक्षक, मराठीत माहितीचे संकेतस्थळ चालवणारे तरुण अशा कोणालाही ही पद्धत वापरता येईल. तिला पैसे लागत नाहीत आणि प्रोग्रॅमिंगही यावे लागत नाही. लागतो तो थोडा धीर आणि पंचांगापासून शासन निर्णयांपर्यंत अनेक कागद शेजारी ठेवून वाचण्याची तयारी.

या पद्धतीच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. शोध घेणाऱ्या बहुतेक माणसांना पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत काहीतरी करायचे असते: अर्ज भरायचा असतो, पूजा मांडायची असते, मुलीचा निकाल पाहायचा असतो, घरातून निघण्याआधी पाऊस किती आहे ते जाणून घ्यायचे असते. म्हणून यादीतील प्रत्येक शब्दाला आपण एकच प्रश्न विचारावा, की हे उत्तर मिळाल्यावर तो माणूस काय करणार होता. ज्या शोधाला या प्रश्नाचे उत्तर मिळते त्याचे ‘का’ आपल्या हाती आले असे समजावे, आणि ज्याला मिळत नाही तो निव्वळ कुतूहलाचा शोध मानून वेगळा ठेवावा.

पद्धत हवेत राहू नये म्हणून एक खरा आठवडा घेऊ: रविवार, ३१ ऑगस्ट ते शनिवार, ६ सप्टेंबर २०२५, ठिकाण महाराष्ट्र.

आलेख उघडण्यापूर्वी आठवडा कागदावर मांडावा

बहुतेक जण आधी शोधांचा चढ-उतार दाखवणारा आलेख पाहतात आणि मग त्यावरील शिखरांना कारणे चिकटवत बसतात. शिखर दिसल्यावर कारण सुचतेच, आणि सुचलेले कारण खरेच वाटते. म्हणून क्रम उलटा ठेवावा. संगणक उघडण्यापूर्वी त्या आठवड्यात काय काय घडले, शक्य तेथे कोणत्या वेळी घडले, हे तारखांपुढे लिहावे आणि प्रत्येक घटनेपुढे लोक कोणता शब्द टंकतील याचा आपला अंदाज लिहावा.

आपल्या आठवड्याचा असा कागद भरगच्च होतो. रविवारी, ३१ ऑगस्टला ज्येष्ठा गौरींचे आवाहन होते, सोमवारी पूजन आणि मंगळवारी विसर्जन. मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण मुंबईत आझाद मैदानावर २९ ऑगस्टपासून सुरू होते. मंगळवारी, २ सप्टेंबरला राज्य सरकारने निजामकाळातील नोंदींचे हैदराबाद गॅझेट लागू करण्यासंबंधीचा शासन निर्णय काढला आणि उपोषण सुटले. बुधवारी, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली, तीत १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून मुख्यतः ५ आणि १८ टक्के असे दोनच दर ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि बहुतेक नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होतील असे सांगण्यात आले. शुक्रवारी, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन होता. ईद-ए-मिलादही त्याच दिवशी होती, परंतु मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांत तिची सुट्टी सोमवारी, ८ सप्टेंबरला हलवण्यात आली होती. शनिवारी अनंत चतुर्दशी होती. आणि रविवारी, ७ सप्टेंबरला, म्हणजे आपला आठवडा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रात्री ९.५७ च्या सुमारास सुरू होणारे आणि भारतभर दिसणारे खग्रास चंद्रग्रहण होते.

या कागदावर तीन जातींच्या घटना आहेत, आणि पुढील सर्व वाचन त्या ओळखण्यावर अवलंबून आहे. गौरी, शिक्षक दिन, अनंत चतुर्दशी आणि ग्रहण यांच्या तारखा कित्येक महिने आधीपासून ठाऊक होत्या. जीएसटी परिषदेची बैठक होणार हे ठाऊक होते, निर्णय मात्र ठाऊक नव्हता. शासन निर्णय कोणत्या दिवशी निघेल हे सोमवारी रात्रीपर्यंत कोणालाही सांगता आले नसते. पहिल्या जातीच्या घटनांसाठी लोक आधीपासून शोधू लागतात, दुसऱ्या जातीसाठी ते वाट पाहतात, आणि तिसऱ्या जातीत बातमी आल्यावर काही तासांत सगळे एकदम शोधतात.

साधन कोणते, आणि ते नेमके काय मोजते

सर्वांना खुले असलेले मुख्य साधन म्हणजे गूगल ट्रेंड्स. ते २००६ साली सुरू झाले आणि त्यात २००४ पासूनची माहिती पाहता येते. त्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. ‘ट्रेंडिंग नाऊ’ या भागात ज्या शोधांत नेहमीपेक्षा एकाएकी वाढ झाली तेच दिसतात. जे शब्द रोज अफाट प्रमाणात शोधले जातात ते वाढ नसल्यामुळे तेथे येत नाहीत. ‘सर्वाधिक शोधले गेलेले’ असे शीर्षक देऊन ही यादी छापणे म्हणूनच चुकीचे आहे. शिवाय तेथे मागच्या सात दिवसांपलीकडचे काही राहत नाही, तेव्हा चालू आठवड्याचा अभ्यास करायचा असेल तर ती यादी दररोज एका ठरावीक वेळी उतरवून ठेवावी. दुसरा भाग ‘एक्सप्लोर’ हा आहे. तेथे आपण शब्द, ठिकाण आणि काळ निवडून आलेख पाहतो. ‘मागील ७ दिवस’ हा पर्याय निवडला तर तासावार आलेख मिळतो. जुन्या तारखा निवडल्या तर तो साधारणपणे दिवसवार होतो, आणि वर्षभराचा काळ निवडला तर आठवडावार. तासांचा तपशील नंतर सहज हाती लागत नाही, म्हणून आठवडा चालू असतानाच तो सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलच्या रूपात उतरवून घ्यावा.

येथील ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नाही, आणि सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतात. त्या ठिकाणच्या, त्या वेळच्या एकूण शोधांपैकी आपल्या शब्दाच्या शोधांचा वाटा किती, हे आधी काढले जाते आणि निवडलेल्या काळातील सर्वांत मोठ्या वाट्याला १०० मानून बाकीचे त्या प्रमाणात मांडले जातात. समजा, एका शहरात दिवसाला एक लाख शोध होतात आणि त्यांपैकी एक हजार ग्रहणाचे आहेत. दुसऱ्या शहरात दहा लाख शोध होतात आणि त्यांपैकी पाच हजार ग्रहणाचे आहेत. आलेखात पहिल्या शहराला १०० मिळतील आणि दुसऱ्याला ५०, जरी दुसऱ्या शहरात पाचपट लोकांनी ग्रहणाची वेळ विचारली असली तरी. त्यामुळे ‘अमुक जिल्हा ग्रहणाच्या शोधात पहिला’ हे वाक्य लिहिण्याआधी आपण वाट्याविषयी बोलत आहोत की माणसांविषयी, हे स्वतःला विचारावे. सणाच्या दिवशी एकूण शोधांचेच प्रमाण बदलते, म्हणून एखाद्या शब्दाचा वाटा त्याचे शोध जराही न वाढता वर जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोन वेगवेगळ्या आलेखांतील १०० हे दोन वेगवेगळे १०० असतात. दोन विषयांची तुलना करायची असेल तर ते एकाच आलेखात घालावेत. एका वेळी मोजकेच शब्द घालता येतात. त्याहून अधिक विषय असतील तर प्रत्येक गटात एक समान शब्द ठेवावा आणि त्याच्याशी प्रमाण जुळवून सर्व गट एका मापावर आणावेत. हा समान शब्द मध्यम आकाराचा आणि आठवडाभर फारसा न हलणारा असावा, कारण तो फार मोठा असेल तर बाकीचे शब्द शून्याला किंवा ‘१ पेक्षा कमी’ या नोंदीला टेकतात आणि वाचण्यासारखे काही उरत नाही. हे आकडे सर्व शोधांवरून काढलेले नसून नमुन्यावरून काढलेले असतात, त्यामुळे आज आणि उद्या तोच प्रश्न विचारला तर उत्तरात थोडा फरक पडतो. लहान गावांच्या आणि कमी वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तीच माहिती उतरवून तिची सरासरी घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मराठी माणूस कोणत्या शब्दांत शोधतो

मराठीपुरते बोलायचे तर सगळ्यांत अधिक वेळ या पायरीला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात हा प्रश्न येतच नाही आणि त्यामुळे मराठी लोकांच्या गरजा आकडेवारीत तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या राहतात.

एकाच गरजेसाठी एक जण देवनागरीत टंकतो, दुसरा तेच मराठी शब्द रोमन लिपीत टंकतो, तिसरा सरळ इंग्रजीत विचारतो आणि चौथा फोनशी बोलतो. ट्रेंड्समध्ये साधा शब्द टाकला तर केवळ तोच शब्द, त्याच अक्षरांनी लिहिलेला, मोजला जातो. शुद्धलेखनातील फरक, समानार्थी शब्द किंवा दुसरी लिपी त्यात येत नाही. ‘कुणबी दाखला’ टाकल्यास ‘कुणबी दाखला कागदपत्रे’ हा लांबलेला शोध त्यात मोजला जाईल, पण ‘कुणबी प्रमाणपत्र’ आणि मध्ये जागा सोडलेले ‘कुणबी प्रमाण पत्र’ मोजले जाणार नाही. त्यासाठी अधिक चिन्ह वापरावे: ‘कुणबी दाखला + कुणबी प्रमाणपत्र + कुणबी प्रमाण पत्र’ असे लिहिले की तिन्हींची बेरीज एका रेषेत येते, आणि त्याच रेषेत रोमन लिपीतील रूपेही जोडता येतात. वजा चिन्हाने नको असलेला शब्द वगळता येतो, आणि अवतरणचिन्हांत लिहिले तर शब्दांचा क्रम तोच राहतो.

काही शब्द टंकल्यावर खाली ‘विषय’ म्हणून वेगळा पर्याय येतो. विषयात सर्व भाषांतील आणि लिप्यांतील शोध एकत्र केलेले असतात. एखादी गोष्ट किती मोठी होती हे पाहायचे असेल तेव्हा विषय निवडावा, आणि ती कोणी व कशासाठी विचारली हे पाहायचे असेल तेव्हा शब्द निवडावा. ग्रहणाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. मराठीत ‘चंद्रग्रहण’ बहुधा एक शब्द म्हणून लिहितात, हिंदीत ‘चंद्र ग्रहण’ असे तोडून लिहिण्याची पद्धत आहे. मराठीत ‘सुतक’ आणि ‘वेध’ विचारले जातात, हिंदीत ‘सूतक’. महाराष्ट्रातील शोधांत ही दोन्ही रूपे मिळतील, आणि त्यांचे परस्परांतील प्रमाण एकाच देवनागरी लिपीतील दोन भाषक समाजांविषयी काही सांगू शकेल. मात्र नुसता ‘वेध’ हा शब्द टाकून चालणार नाही, कारण बातम्यांत सणांचे, निवडणुकांचे आणि पावसाचेही वेध लागत असतात. ‘निकाल’ हा असाच फसवा शब्द आहे: परीक्षेचा, न्यायालयाचा, निवडणुकीचा आणि लॉटरीचाही निकाल असतो. अशा शब्दांना सोबत एक शब्द द्यावा किंवा वर्गवारी निवडून ते बंदिस्त करावेत.

जी माहिती पाहण्याची किंवा ऐकण्याची असते तिच्यासाठी यूट्यूबवरील शोध वेगळे तपासावेत. ट्रेंड्समध्ये तो पर्याय आहे आणि त्याची माहिती २००८ पासून मिळते. गौरीला साडी कशी नेसवावी, उकडीच्या मोदकाला कळ्या कशा पाडाव्यात, हे लोक वाचून शिकत नाहीत, पाहून शिकतात. म्हणून संकेतस्थळांवरील शोधांच्या आलेखात गौरीपूजन क्षीण दिसले तर लोकांना त्यात रस नव्हता असा निष्कर्ष काढण्यापूर्वी यूट्यूबचा आलेख उघडावा.

आलेखाचा आकार

आता आपला कागद आणि आलेख शेजारी ठेवावेत. आधी ठाऊक असलेल्या घटनेचा आलेख हळूहळू चढतो आणि घटना होताच कोसळतो, कारण घटना उरकली की माहितीची गरजच संपते. शिक्षक दिनाच्या भाषणाचे शोध ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी वाढलेले असावेत आणि ५ सप्टेंबरच्या दुपारनंतर उरू नयेत, अशी अपेक्षा आपण आधी लिहावी आणि मग ती पडताळून पाहावी. अचानक आलेल्या बातमीचा आलेख उलट असतो: तो एका तासात उभा चढतो आणि पुढे काही दिवस रेंगाळत उतरतो. ज्याची वाट पाहिली जाते पण तपशील ठाऊक नसतो, त्याला बहुधा दोन शिखरे असतात. जीएसटीच्या दरांसाठी एक शिखर ३ सप्टेंबरच्या रात्री आणि ४ सप्टेंबरला शोधावे आणि दुसरे दर लागू होण्याच्या २२ तारखेच्या आसपास. पहिल्या शिखरात लोक ‘काय ठरले’ हे विचारतात आणि दुसऱ्यात ‘मी दूरचित्रवाणी संच आज घेऊ की थांबू’ हे विचारतात. शब्द तोच असला तरी कारण बदललेले असते.

ग्रहणाची गोष्ट आठवड्याच्या सीमेचा धोका दाखवते. ट्रेंड्सचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे आठवडावार आलेखात ७ सप्टेंबरच्या रात्रीचे शिखर पुढच्या आठवड्याच्या खात्यावर जाईल, परंतु वेध कधी लागतात, गर्भवतींनी काय पाळावे, जेवण कधी करावे हे विचारणारे शोध मात्र आपल्या आठवड्यातच सुरू झालेले असतील. त्याच रविवारी लालबागच्या राजाचे विसर्जन समुद्राच्या भरतीमुळे लांबून रात्री नऊच्या सुमारास पार पडले, आणि तासाभरात ग्रहण लागले. शनिवारी रात्री बारा वाजता वही मिटणाऱ्याला या रात्रीचा अर्थ लागणार नाही. आपण निवडलेल्या आठवड्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन दिवस नेहमी सोबत वाचावेत, ही सवय यासाठीच लावून घ्यावी.

‘का’ सापडते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या शोधात

आलेखाखाली ‘संबंधित शोध’ अशी यादी असते आणि ती दोन प्रकारे पाहता येते. ‘टॉप’मध्ये एकूण प्रमाणाने मोठे असलेले शोध येतात आणि ‘रायझिंग’मध्ये आधीच्या काळाच्या तुलनेत वाढलेले; ज्याची वाढ ५,००० टक्क्यांहून अधिक असते त्याच्यापुढे ‘ब्रेकआउट’ लिहिलेले दिसते. ही टक्केवारी पाहून चकित होऊ नये. जो शब्द काल कोणीच विचारत नव्हते त्याला ब्रेकआउट होण्यासाठी फारसे शोध लागत नाहीत. आपल्याला हवे असते ते त्या यादीतील शब्दांचे क्रमाने बदलणे.

हैदराबाद गॅझेटचा माग काढून पाहावा. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील जुन्या नोंदींतील कुणबी उल्लेखांच्या आधारे दाखले देण्याची मागणी होती, एवढी पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक नव्हती. त्यामुळे २ सप्टेंबरला पहिला प्रश्न ‘हैदराबाद गॅझेट म्हणजे काय’ असाच असणार. हा कुतूहलाचा शोध आहे, तो मुंबईतून, पुण्यातून आणि राज्याबाहेरूनही येऊ शकतो. त्यानंतर शासन निर्णयाची पीडीएफ मागणारे शोध सुरू होतील. मग कागदपत्रे, अर्जाचा नमुना आणि प्रतिज्ञापत्र यांची पाळी येईल, कारण ज्यांच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्यांनी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी ते किंवा त्यांचे पूर्वज त्या परिसरात राहत होते असे प्रतिज्ञापत्र देण्याची तरतूद त्या निर्णयात होती. जेव्हा शोधात ‘१९६७’ हा आकडा दिसू लागतो, तेव्हा बातमी वाचणारा माणूस मागे पडलेला असतो आणि अर्ज भरायला बसलेला माणूस पुढे आलेला असतो. दोघे एकाच विषयावर शोधत आहेत, पण दुसऱ्याला वेळेत आणि नेमके उत्तर मिळाले नाही तर त्याचे नुकसान होते. वार्ताहराने, ग्रंथपालाने किंवा तलाठी कार्यालयात बसणाऱ्याने आपले लक्ष या दुसऱ्या माणसाकडे द्यावे.

म्हणून मी प्रत्येक मोठ्या शोधासाठी तीन प्रश्नांची साखळी मांडण्याचा आग्रह धरतो: हे काय आहे, हे मला लागू आहे का, आणि मी कुठे अडलो आहे. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या वेळी ही साखळी फार लांब होती आणि ज्यांना सराव करायचा आहे त्यांनी तोच काळ निवडावा. २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, दरमहा १,५०० रुपयांचे आश्वासन होते, १ जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि मुदत सुरुवातीला १५ जुलैपर्यंतच होती. पहिल्या निर्णयात उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मागितलेला होता. दोन-चार दिवसांतच अटी शिथिल झाल्या, अधिवासाच्या दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल असे ठरले, पिवळ्या व केशरी रेशनकार्डधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली, आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ऑगस्टच्या मध्याला पैसे जमा होऊ लागले तेव्हा प्रश्न आधार बँकेशी जोडलेले आहे की नाही याचा झाला. ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘अधिवास’, ‘रेशनकार्ड’, ‘आधार बँक लिंक’ हे शब्द जून ते सप्टेंबर २०२४ या काळासाठी एकाच आलेखात घालावेत आणि प्रत्येक शिखराखाली त्या दिवशीचा शासन निर्णय लिहावा. शासनाने बदललेली प्रत्येक अट लोकांच्या शोधात उतरते का, आणि किती दिवसांनी, हे यातून पाहता येते.

दुसरा पुरावा घ्यावा

एका साधनावर विसंबू नये. विकिपीडियाच्या लेखांना किती वाचक आले याची रोजची मोजणी जुलै २०१५ पासून सर्वांना खुली आहे आणि ती प्रत्यक्ष संख्या असते, वाटा नव्हे. मराठी विकिपीडियाचीही अशी मोजणी मिळते. ‘चंद्रग्रहण’ या मराठी लेखाचे, त्याच्या हिंदी व इंग्रजी लेखांचे आकडे शेजारी ठेवले की कोणत्या भाषेत वाचन वाढले ते कळते. दोन सूचना मात्र पाळाव्यात. यंत्रांनी उघडलेली पाने वगळून केवळ वाचकांची मोजणी निवडावी, कारण मराठी लेखांचे आकडे लहान असल्याने यंत्रांमुळे ते सहज फुगतात. आणि तेथील दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. ७ सप्टेंबरचे ग्रहण आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सुटले तरी ते वाचन ७ तारखेखालीच सापडेल.

हवामानाच्या शोधांसाठी भारतीय हवामान विभागाचे जिल्हावार पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे जोडून पाहावेत. निकालांसाठी मंडळाने जाहीर केलेली वेळ पाहावी: २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी दुपारी एक वाजता ऑनलाइन लागला, तेव्हा एक वाजण्याआधीचे शोध ‘कधी’ विचारणारे आणि नंतरचे ‘कुठे पाहू’ विचारणारे असावेत, आणि त्याच्याही नंतरचे पुनर्मूल्यांकनाविषयीचे.

कोठे थांबावे

शोध हे मत नसते. एखाद्या नेत्याचे नाव अधिक शोधले गेले म्हणजे त्याला पाठिंबा वाढला असे होत नाही; संतापलेले, घाबरलेले आणि कौतुक करणारे तिघेही तेच नाव टंकतात. रोगाचे नाव अधिक शोधले गेले म्हणजे रोगी वाढले असेही होत नाही. खुद्द गूगलने २००८ साली शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज सांगणारी सेवा सुरू केली होती. २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षाहून फार मोठे निघाले आणि २०१५ मध्ये तिचे अंदाज प्रसिद्ध करणे थांबवण्यात आले. आजारी नसलेले लोकही बातम्या पाहून शोधतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. एवढी साधनसामग्री असलेल्यांची ही गत झाली, तर आपण एका आलेखावरून तालुक्यात डेंग्यू पसरल्याचे लिहू नये. आरोग्य विभागाचे आकडे मागावेत.

जे शोधतच नाहीत ते या आकड्यांत नसतात, हेही विसरू नये. अनेक स्त्रियांनी लाडकी बहीणचा अर्ज स्वतः न भरता अंगणवाडी सेविकेकडून किंवा सेतू केंद्रातून भरून घेतला. तेथे एक जण शोधतो आणि ते उत्तर अनेकांना पुरते. मोबाइलवरून आलेल्या शोधाचे ठिकाणही अंदाजाने ठरवलेले असते, म्हणून शहरांच्या याद्या राज्याच्या आकड्यांपेक्षा कमी विश्वासाने वापराव्यात.

आणखी एक मर्यादा नीतीची आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने साडेसहा लाखांच्या आसपास वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध नावे काढून संशोधनासाठी खुले केले, आणि काही दिवसांतच पत्रकारांनी केवळ शोधांवरून एका वृद्ध स्त्रीला ओळखून काढले. ट्रेंड्समध्ये फार थोड्या लोकांनी केलेले शोध वगळलेले असतात, त्यामुळे तसा धोका तेथे नाही. परंतु आपल्या संकेतस्थळाच्या शोधपेटीतील नोंदी, ग्रंथालयाच्या संगणकावरील इतिहास किंवा सेवा केंद्रातील कागद आपल्या हाती असतील तर ते प्रसिद्ध करू नयेत, गावाचे नाव आणि आजाराचे नाव एकाच वाक्यात आणू नये, आणि आत्महत्येशी संबंधित शोधांची यादी कधीही छापू नये.

पुढच्या वर्षासाठी वही

आठवड्याचे वाचन संपल्यावर प्रत्येक शोधापुढे चार गोष्टी लिहाव्यात: शब्द आणि त्याची सर्व रूपे, शिखराचा दिवस व तास, आपण ठरवलेले कारण, आणि ते कारण कोणत्या दुसऱ्या पुराव्याने पडताळले ते. जेथे अंदाज चुकला तेथे तोही खोडू नये, कारण लोकांच्या कोणत्या गरजा आपल्याला दिसत नाहीत हे त्याच ओळींतून कळते.

पुढच्या वर्षीची तुलना करताना सणांचे आठवडे इंग्रजी तारखेने जुळवू नयेत. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. तारखेने जुळवले तर २०२६ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोकांचा गणपतीतील रस घटल्यासारखे दिसेल. म्हणून चतुर्थीला शून्य दिवस मानून मागे-पुढे दिवस मोजावेत आणि चारही वर्षांचे आलेख त्या शून्यावर एकावर एक ठेवावेत. शिक्षक दिन, जीएसटी आणि निकाल यांच्यासारख्या गोष्टी मात्र तारखेनेच जुळवाव्यात. एकाच वहीत दोन दिनदर्शिका चालवाव्या लागतील, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या दिनदर्शिकेचा आहे हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.